साखरशेतची नागली

आश्विन शुद्ध नवमी, शके १८४०

तांदूळ संपत आला! मारुतीच्या देवळामागे पेज शिजते, ती रोज साठ-सत्तर माणसं नेतात. कोणी मानमोडीच्या तापातून उठलेली, कोणी घरी पडलेल्यांसाठी. जव्हारचे दाणेवाले हरिभाऊ पेज चालवणाऱ्या मंडळाचे प्रमुख. धान्य मागायची आणि दात्यांचे आभार मानायची पत्रं माझ्याकडे. अक्षर बरं आहे, एवढंच.

आज बाजाराला डोंगरातल्या साखरशेत गावची एक बाई आली, नाव चैती. टोपली उतरवली — पायलीभर नागली. आभाराला कोणाचं नाव लिहू, विचारलं.

"लिवून काय व्हईल? शिजव," म्हणाली आणि गेली.

आश्विन वद्य प्रतिपदा

चैती पुन्हा आली. आज दोन पायल्या! या वर्षी पाऊस नाही, डोंगरात पीक अर्धं, आणि ही बाई वाढवून देते! मी हात जोडले. ती थांबली नाही.

हरिभाऊंना सांगितलं, तर खूश झाले. "तात्या, हेच लिहा मुंबईला. डोंगरातली बाई दुप्पट देते म्हणावं. शेटलोकांना जरा लाज वाटू दे." लिहिलं. मन लावून लिहिलं. पाकीट बंद करण्याआधी दोनदा वाचून काढलं.

वद्य चतुर्थी

बायको, रंगू, जाऊन अकरा वर्षं झाली. एका माणसासाठी चूल पेटवली तरी धूर तेवढाच होतो. आळीत चार घरांना कुलपं. जात्याचा आवाज नाही, भांडणाचासुद्धा नाही. नामस्मरण मोठ्यानं केलं — घरात कोणी बोलतंय असं वाटावं म्हणून.

वद्य अष्टमी

चार पायल्या! चैतीनं टोपली उतरवली. देवानं तुला मोठं मन दिलं बाई, असं म्हणालो. ती रिकामी टोपली उचलून निघाली.

वद्य एकादशी

मुंबईहून सहा पोती तांदूळ आला. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पुरेल. शेटजी लिहितात — पत्र सभेत वाचलं, बायका रडल्या. चैतीसाठी हिरवं लुगडं पाठवलं आहे. तिनं पुढे काय दिलं ते अवश्य कळवावं, म्हणजे आणखी पाठवता येईल.

वद्य द्वादशी

लुगडं घेऊन साखरशेतला गेलो. चैती अंगणात एकटीच नागली झोडपत होती. घरातली माणसं कुठं, विचारलं. हात न थांबवता तिनं सांगितलं. पहिली सासू गेली. मग नवरा, जिव्या. मग एकाच दिवशी दोघी पोरी.

"जो गेला त्याचा वाटा तुझ्याकडं आणला. त्यांचा मी कसा खाऊ?"

एक, दोन, चार. मी मापं पाहत होतो आणि आनंदत होतो! मोठं मन म्हणालो तिला!

लुगडं पिशवीतून काढलंच नाही. तिनं पाणी दिलं. प्यायलो.

अमावास्या

दिवाळी. चैती चार पायल्या घेऊन आली. नको म्हणालो.

"तू नाय घेतलास त कोठं टाकू?"

घेतल्या. मग मुंबईला खरं काय ते लिहिलं. हरिभाऊ रागावले नाहीत, शेजारी बसून त्यांनी सगळं वाचलं. "तात्या, लोकांना पुण्य हवं असतं, सुतक नको. हे वाचून कोण देणार?" तरी पत्र टाकलं.

साठ माणसांची पेज आता माझ्या हट्टावर आहे. चुकलं असेल तर, मारुतीराया, ताप मला दे. त्यांना उपाशी ठेवू नको.

कार्तिक शुद्ध चतुर्थी

मुंबईचं उत्तर नाही. देवळात आज दिवा लावायला मी एकटाच.

कार्तिक शुद्ध सप्तमी

चैती आली. तीनच पायल्या. शेजारची फागी तापानं गेली. तिची लेक मंगळी आता चैतीकडे जेवते.

हरिभाऊंनी टोपलीत पाहिलं. "बाई आटली वाटतं," म्हणाले.

मी देवळात जाऊन नारळ फोडला.