दाराला लावलेला वरवंटा

जिंतूर,
बुधवार, १६ एप्रिल २०२५

चि. सौ. बबितास,

अनेक आशीर्वाद. तू आणि बाळ बरे आहात असं तुझ्या निरोपावरून कळलं. दोनदा फोन लावला, तू उचलायच्या आत बंद केला. म्हणून लिहिते आहे. चुडाव्यालाही ऊन तापलं असेल. बाळाला दुपारचं बाहेर काढू नकोस. इथं वसतिगृह बंदच आहे. मुली आपापल्या घरी गेल्या. जिना अजून काळा आहे.

तू विचारलंस, "ताई, आईचा वरवंटा तुमच्याकडंच असंल. रविवारी बारसं हाय, तेवढा पाठवा." तुझ्या बारशाला पाळण्यात ठेवलेला तो वरवंटा. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मिक्सर आला तरी तुझ्या आईनं, भागुबाईनं तो धुऊनपुसून फडताळात जपला होता, तुझ्या लेकरासाठी.

बबिता, तो माझ्याकडे नाही. पंचनाम्यात पोलिसांनी नेला.

तुला जिन्यापाशी प्रत्येक मजल्यावर असलेली ती जाड दारं आठवतात? आग लागली तर तासभर तरी धूर अडवून धरायला बसवलेली. दाराच्या डोक्यावर तेलाची दांडी असते, तिच्यामुळं दार आपोआप हळू मिटतं. दुसऱ्या मजल्यावरच्या दांडीतलं तेल गळालं आणि दार धाडधाड आपटायला लागलं. तुझी आई हसायची, "ताई, तुमचं दार नव्या सुनंवाणी आदळआपट करायलंय." दारं बसवणारे माणिकराव परभणीहून आले तेव्हा बजावून गेले, "मॅडम, दांडी बदला. तवर आपटलं तर आपटू द्या, पण उघडं ठिवू नका. उघडं ऱ्हायलं तर नुसती फळी हाय ती."

मी संस्थेला एक पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं मी लिहिलं नाही.

त्या रविवारी दुपारी जिन्याखालच्या मीटरच्या फळीनं पेट घेतला. पहिल्या मजल्यावरचं दार मिटलेलं होतं. तिथल्या खोल्यांच्या भिंती अजून पांढऱ्या आहेत. एका मुलीची वाळत घातलेली ओढणीसुद्धा जशीच्या तशी आहे. दुसऱ्या मजल्यावर धूर सरळ आत शिरला. भागुबाई खाली अंगणात होती, सुरक्षित. तापानं पडलेली पिंकी वर आहे हे आठवलं तशी ती धावली. मी "थांब" म्हणाले की नाही, हे मला खरंच आठवत नाही. तिनं ओला टॉवेल पिंकीच्या तोंडाला बांधला आणि तिला खिडकीशी नेऊन बसवलं. पिंकी वाचली. स्वतःसाठी दुसरा टॉवेल नव्हता.

दार सताड उघडं सापडलं, खाली वरवंटा. फौजदारांनी विचारलं, "हा कुणाचा?" मी म्हणाले, "भागुबाईचा." ते खोटं नव्हतं, म्हणून म्हणायला सोपं गेलं. त्यांनी पुढं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मग सगळीकडे झालं की बाईनं स्वतःच्याच हातानं दार उघडं ठेवलं. चुडाव्यातही बायका तसं बोलतात, हे मला कळलं आहे.

दार तिनं उघडं ठेवलं नव्हतं. मागच्या वर्षी दहावीच्या मुली कुरकुरायला लागल्या, आवाजानं माझंही डोकं उठायचं. विटेचा तुकडा लावला तर तो फुटला. मीच फडताळाकडे बोट दाखवलं, "भागुबाई, तुझा वरवंटा दे." ती म्हणाली, "लेकीच्या पाळण्यातला हाय तो, ताई. दाराच्या पायी कामून ठिवता?" मी म्हणाले, "चार दिवस. दांडी आली की परत देईन." तिनं पदरानं पुसून माझ्या हातात दिला. दाराला मी लावला. दर वर्षीच्या तपासणीच्या कागदावर विचारलेलं असतं, दारं आपोआप मिटतात का. त्यानंतरच्या कागदावरही माझ्या अक्षरात "होय" आहे.

सोबतच्या पाकिटात हे सगळं जबाब म्हणून लिहून सही केली आहे. तशीच दुसरी प्रत घेऊन मी उद्या दहा वाजता ठाण्यात जाणार आहे. पण मी एकदा गप्प बसले आहे, पुन्हा बसू शकते. म्हणून हे पाकीट पोस्टानं न पाठवता पिंकीच्या वडिलांच्या हाती देते आहे. ते बालाजीराव आजच तुमच्या बाजूला, पूर्णेकडे निघालेत. शुक्रवारी तुझ्या नवऱ्याला ठाण्यात चौकशी करायला सांग. मी गेले नसेन, तर हा कागद त्यानं नेऊन द्यावा. माझी वाट पाहू नये.

वरवंटा रविवारपर्यंत सुटणार नाही. बारशाला शेजारणीचा आणावा लागेल. तो पाळण्यात ठेवताना कुणी तुझ्या आईबद्दल काही बोललं, तर हे पत्र त्यांना वाचून दाखव.

वर सवयीनं आशीर्वाद लिहिले. तो अधिकार माझा उरलेला नाही. तू ते खोड.

तुझ्या आईकडून वरवंटा मागून घेणारी,
विजयमाला