शेवटच्या पानाआधीचं पान

प्रिय धाकट्या,

तुझा पत्ता मशिनमनकडून मिळवला. छापखान्याच्या आगीच्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात तुझ्या शेजारी उभा होता, तोच. म्हातारा झालाय. तुझं नाव काढलं तसा चहा ओतता ओतता थांबला.

बाबांना आता कमी दिसतं, पण कान तिखट आहेत. जिन्यावर पाऊल वाजलं की मान वर करतात आणि विचारतात, "निकालात नक्की काय लिहिलं होतं गं?" एकोणीस वर्षं तेच. मी चष्मा पुसत बसते.

तू त्या दिवशी दारातूनच ओरडलास, "बाबा, निर्दोष सुटलो!" आणि मी, कॉन्व्हेंटची शहाणी, तुझ्या हातातलं इंग्रजी निकालपत्र घेऊन सवयीने शेवटचं पान उघडलं. कादंबरीही मी मागूनच वाचते, म्हणून तर तू मला 'उलटी मॅडम' म्हणायचास. तिथे लिहिलं होतं, आरोपी क्रमांक दोनला संशयाचा फायदा देऊन सोडण्यात येत आहे. घरात दोन नंबर तू, म्हणजे कोर्टातही तूच, असं मी धरून चालले. बाबांना अगदी फळ्यापाशी उभं राहून शिकवावं तसं समजावलं: निर्दोष म्हणजे केलंच नाही, संशयाचा फायदा म्हणजे केलं असेलही, पण सिद्ध झालं नाही. तुझं इंग्रजी बेताचं आणि माझ्यावर विश्वास फार. "ताई म्हणते म्हणजे तसंच असेल," एवढंच बोललास.

बाबांनी तुझ्याकडे बघणं सोडलं. आठवड्याने जेवताना तू म्हणालास, "ताई, मीठ दे. संशयाचा फायदा देऊन." कुणी हसलं नाही. सकाळी दाराशी तुझ्या चपला नव्हत्या. अजून मिठाची बरणी उघडली की मला तुझा आवाज येतो.

गेल्या सोमवारी विम्याचे कागद शोधताना ते निकालपत्र हाती लागलं. शेवटच्या पानाआधीचं पान मी प्रथमच वाचलं. क्रमांक दोन मशिनमन होता रे. तू क्रमांक एक. तुझ्याविरुद्ध काडीचाही पुरावा नाही, तू निर्दोष आहेस, असं न्यायाधीशांनी सरळ लिहिलंय.

ते पान काल बाबांना मराठीत दोनदा वाचून दाखवलं. चूक माझी, हेही सांगितलं. त्यांनी ते पान हातात घेऊन चाचपलं. मग दाराकडे बोट करून म्हणाले, "मग तो बाहेर का उभा आहे? आत घे त्याला." मी उठून दार उघडलं. जिना रिकामा होता. तरी दार परत लावायचा धीर झाला नाही. ते अजून उघडंच आहे.

तुझीच,
उलटी मॅडम