जास्तीचा हात

५ एप्रिल

पाइप माझ्या हातात कोंबून मनकर्णाबाई शिडीवरून टाकीवर चढल्या आणि वरून ओरडल्या की दाबून धर, सोडू नको. बॅग अजून माझ्या खांद्यावरच होती. टँकरवाला घाईत होता. पाणी आलं तसा पाइप हातातून उसळला आणि मी नखशिखांत भिजले. त्या टाकीवर बसून हसत सुटल्या. वय सत्तरच्या पुढं असावं. खाली उतरून त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि मग विचारलं, कोण गं माय तू?

मी सांगितलं, नवी व्यवस्थापक. त्या म्हणाल्या, व्यवस्था तर लई हाय इथं, पाणी तेवढं नाय.

असं माझं स्वागत झालं. शहराबाहेर, पडेगावच्या पुढं, रस्त्यापासून थोडं आत पत्र्याचा हॉल, मागं एक खोली, समोर दोन कडुलिंब. ‘निवांत परिवार’ म्हणजे एवढंच. दहा माणसं. रोज सकाळी तासभर एकत्र गप्प बसतात आणि आपापल्या कामाला जातात. मूर्ती नाही, फोटो नाही. ज्यांनी हे सुरू केलं ते आबा दोन वर्षांपूर्वी वारले. आता न्यास म्हणून नोंदणी करायची आहे. त्यासाठी घटना हवी, पदं हवीत, कोण कुठल्या प्रकारचा सभासद हे ठरायला हवं. ते मी करायचं. सहा महिने कच्ची नेमणूक, मग कायम.

परभणीहून निघताना आईला सांगितलं होतं की जागा चांगली आहे. खरंच चांगली आहे.

९ एप्रिल

शहरात, उस्मानपुऱ्यात एका खोलीत आम्ही चार मुली राहतो. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. अंघोळीचा नंबर लागेपर्यंत परिवाराची सकाळची बैठक संपायला येते.

विश्वजीत सरांना निवासाचं विचारलं. परिवाराची जमीन त्यांच्या वडिलांनी दिलेली, ते स्वतः प्लॉटिंग करतात. मृदू बोलतात. नेमणुकीच्या पत्रात ‘निवासी व्यवस्थापक’ असं आहे, हे मी दाखवलं. ते म्हणाले, खोली एकच आहे, आणि तिथं सध्या मनकर्णाबाई राहतात. सध्या, असं म्हणाले.

मनकर्णाबाई मूळच्या गंगापूरकडच्या एका वस्तीवरच्या. जन्मभर मेंढरं राखली. नवरा गेल्यावर इकडं आल्या, आबांनी खोली दिली. भावाचा मुलगा हनुमान वस्तीवर आहे. त्याचं घर त्याच्याच लेकरांना पुरत नाही. त्या रोज माझ्यासाठी एक भाकरी जास्त थापतात. मी नको म्हटलं तर म्हणतात, खाय, शिकलेल्या माणसाला भूक लागत नसती का?

इथली निर्णयाची रीत मी समजून घेतली. रविवारी कुणीतरी विषय मांडतो. मग सगळे गप्प बसतात. कुणाचं मन बसलं नाही तर तो तेवढंच बोलतो, आणि विषय बाजूला ठेवतात. पुढच्या रविवारी पुन्हा. हॉलला कुठला रंग द्यायचा हे गेलं वर्षभर ठरलेलं नाही. विश्वजीत सर म्हणाले, अशानं नोंदणी व्हायची नाही. मलाही तसंच वाटलं. मी घटनेच्या मसुद्यात लिहिलं: निर्णय उपस्थित सभासदांच्या निम्म्याहून अधिक मतांनी.

१२ एप्रिल, रविवार

मसुदा वाचून दाखवला. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष. साधारण सभासद, आजीव सभासद, निवासी सभासद. सांडूभाऊ एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेत. ते म्हणाले, अध्यक्ष म्हंजे खुर्ची आली, आन आपण तर समदे भुईवर बसणारे. अध्यक्षाला काय झाडावर बशिवता? सगळे हसले. विश्वजीत सरही हसले.

बहुमताचा विषय जुन्या रितीनंच ठरवायचा होता. सगळे बसले. नऊ जणांचं मन बसलं. मनकर्णाबाई तेवढ्या उरल्या. एकीनं जरी नाही म्हटलं असतं तरी माझा सगळा मसुदा वाया गेला असता. शेवटी त्या म्हणाल्या, मला काय ते उमगत नाय. पर पोरगी एवढी राबली. बसलं माझं मन.

१९ एप्रिल, रविवार

पहिलं मतदान. विषय साधा, उन्हाळ्यात बैठक अर्धा तास लवकर घ्यावी का.

हात वर करा म्हटलं तर सगळे एकमेकांकडं बघत बसले. कुणी कुणाचा शेजारी, कुणी मेहुणा. विशाखाताई शाळेत शिकवतात. त्या म्हणाल्या, असं तोंडावर कसं विरुद्ध जायचं? मला युक्ती सुचली. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि मग हात वर करायचा. मोजायला फक्त मी डोळे उघडे ठेवीन. मला मत नाहीच. सगळ्यांना पसंत पडलं. आपल्याकडचंच वाटतं, असं विशाखाताई म्हणाल्या. मला आनंद झाला.

आठ हात. ठराव मंजूर. मग कोण विरुद्ध म्हटलं. तीन हात.

मी मोजण्यात चुकले असेन. पहिल्यांदाच करत होते.

२६ एप्रिल, रविवार

हे नीट लिहायला हवं.

आजचा विषय: निवासी सभासद हा प्रकार घटनेतून काढावा. विश्वजीत सरांनी मांडला. न्यासाच्या जागेत कुणी राहत असेल तर पुढं हक्काचा प्रश्न येतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही. खोली व्यवस्थापकाला लागेल, हेही म्हणाले. कुणी माझ्याकडं पाहिलं नाही. मनकर्णाबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

सगळ्यांनी डोळे मिटले. सकाळचे नऊ. पत्रा तापायला लागला होता, दारातून ऊन पार मधल्या रांगेपर्यंत आलं होतं. हॉलमध्ये काही न दिसण्यासारखं नव्हतं.

पाच हात वर आले. एकेक करून पाहिलं, प्रत्येकाच्या खाली माणूस होता. पाच म्हणजे निम्मे. ठराव पडला.

तेवढ्यात मागच्या भिंतीशी सहावा हात वर आला.

शेवटच्या रांगेच्याही मागं. तिथं कुणी बसत नाही. उघडा, कोपरापर्यंत दिसणारा हात. खाली डोकं दिसत नव्हतं, पुढच्यांच्या पाठीआड असेल. बाकीच्यांचे तळवे माझ्याकडं होते. याची माझ्याकडं पाठ होती. ज्याचा तो हात होता तो भिंतीकडं तोंड करून बसला असावा.

मी भ्याले. पण भिण्याच्या आधी दुसरं काहीतरी झालं, आणि तेच मला लिहायचं आहे. आधी मला बरं वाटलं.

मी म्हटलं, सहा. मंजूर.

डोळे उघडले तेव्हा भिंतीशी काही नव्हतं.

२७ एप्रिल

मनकर्णाबाई भांडल्या नाहीत. सकाळी हनुमानला फोन लावून मागितला, मी लावून दिला. मग त्यांनी माझ्यासाठी भाकरी केली. मी म्हटलं, मावशी, माझ्या हातात काही नव्हतं. त्या म्हणाल्या, मला ठावं हाय. मन बसत नसतानी लोक हात वर करतेत का, येवढंच इचारायचं होतं. पर तू डोळे उघडे ठिवले व्हते. तू मोजलं म्हंजे बरोबरच आसंल.

ती भाकरी मी खाल्ली.

३० एप्रिल

त्या गेल्या. पेटी खोलीतच ठेवून गेल्या. पुढं बघू म्हणाल्या. मी त्यांच्या जागी आले आहे. खोलीला खिडकी आहे. बाजूलाच टाकी, नळ सोडला की पाणी.

३ मे, रविवार

मला साधारण सभासद करून घेण्याचा ठराव. मोजायला मीच.

तो हात सगळ्यांच्या आधी वर आला. आता भिंतीशी नव्हता. शेवटच्या रांगेत, दोघांच्या मधल्या फटीत. आणि तळवा माझ्याकडं होता. तो वळला आहे.

तळव्यावर रेषा नव्हत्या.

शेजारचे दोघं डोळे मिटून शांत बसले होते. एकानं नुसती मांडी सावरली, जागा द्यावी तशी.

मी त्याला मोजलं. आता न मोजायचं तर मागच्या वेळी का मोजलं ते सांगावं लागेल.

५ मे

बोलायचंच असं ठरवून गंगापूरची जीप धरली. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते. मावशी, पाचच हात होते. मावशी, मला खोली हवी होती. गंगापूरला उतरले. वस्तीकडं जाणारी दुसरी जीप भरत आली होती, एकाच बाईची जागा उरली होती आणि ड्रायव्हर मला म्हणत होता, बसा ताई, तुमच्यासाठीच थांबलोय. मी उसाचा रस घेतला आणि परतीच्या जीपमध्ये बसले.

इथं येऊन पाहिलं तर खोलीचं दार मी उघडंच टाकून गेले होते. पेटीवर धुळीत हाताचा पंजा उमटला होता. माझाच असेल. मी त्यावर हात ठेवून पाहिला नाही.

७ मे

सांडूभाऊ आले. त्यांचं म्हणणं, विश्वजीत सरांचे ठराव मंजूर होताहेत, पण ज्याला त्याला विचारलं तर जो तो म्हणतो मी हात वर केलाच नव्हता. आता लोक बैठकीत एकमेकांपासून सरकून बसतात. ते म्हणाले, म्हातारीला गावाकडं पडवीत झोपवत्यात, ऊन पायलं का? रविवारी तिला परत आणायचा विषय मांडतो. पाच जण पक्के हायेत. तुमचा सहावा. आन मॅडम, तुम्ही आता सभासद हायात, तवा मोजायला दुसरं कुणी बशिवू.

मी हो म्हटलं. किती हलकं वाटलं. मला कबूल काहीच करावं लागणार नव्हतं. फक्त हात वर करायचा.

८ मे

आज सकाळच्या बैठकीत डोळे मिटले नाहीत. मिटवेनात. सगळे गप्प. दुसऱ्या रांगेत एक आसन रिकामं नव्हतं, म्हणजे होतं, पण त्याच्यावरची चादर दबलेली—

पाहिलं नाही पुढं.

१० मे, रविवार

विशाखाताई मोजायला. मी पहिल्या रांगेत, टोकाला. उजव्या बाजूला कुणी नव्हतं.

डोळे मिटले. सांडूभाऊंचा आवाज, मनकर्णाबाईंना परत आणावं, ज्यांचं मन बसतंय त्यांनी—

उजव्या मनगटावर बोटं आली. थंड नाही. कोमट. माणसाची असतात तशी. धरलं नाही, दाबलं नाही. नुसती ठेवली. लहान मुलाला झोपवताना ठेवतात तशी.

ओढला असता तर हात सुटला असता. मी ओढला नाही.

ओरडता आलं असतं. सगळ्यांनी डोळे उघडले असते, त्यांनी पाहिलं असतं, मग विचारलं असतं, कधीपासून. मागच्या वेळी पण—

पाच, विशाखाताई म्हणाल्या. नामंजूर.

सांडूभाऊ माझ्याकडं बघत होते. मग चप्पल घालून निघाले. मी खाली बघितलं.

सगळे गेले. विशाखाताई दारात थांबल्या. त्यांनी विचारलं, तुमच्या शेजारी कोण—

मी म्हटलं, कुणी नाही. मी म्हटलं, हात मीच खाली ठेवला, माझा मीच, मला कुणी—

११ मे

सकाळी हनुमान टेम्पो घेऊन आला. पेटी आम्ही दोघांनी उचलली. आत्याला काय सांगू, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, बहुमत झालं नाही. तो बरं म्हणाला. टेम्पो गेल्यावर हॉल झाडायला गेले तर विशाखाताई आधीच आल्या होत्या. त्या आसनं मांडत होत्या. पहिल्या रांगेत माझ्या उजवीकडं त्यांनी एक जास्तीचं मांडलं. मी काही विचारलं नाही. मग सगळे आले आणि बसले. कुणीच विचारलं नाही.