चाकूरला लावलेली बस

प्रिय अण्णा,

तुमच्या कॉम्प्युटरसमोर बसूनच हे लिहितेय. आईला सांगून उपयोग नाही आणि बाकी कुणाला सांगितलं तर हसतील. तुमची चाकूरला लावलेली बस माझ्या हातून गेली, अण्णा. हे तुम्हालाच सांगायला हवं.

नांदेडला आले ती तुमच्या फायली नीट लावायला. डिस्क गच्च भरलीय, मधेच घरघरते. म्हटलं, ती बंद पडायच्या आत अण्णांच्या सगळ्या मॉडची एक प्रत काढून ठेवावी. आईनं विचारलं, "त्या डब्यात एवढं हाय तरी काय?" मी सांगितलं, बस चालवायच्या ह्या मूळ गेममध्ये परदेशातल्या गाड्या आणि परदेशातले रस्ते असतात. आपली लाल बस, आपले हॉर्न, आपला नांदेड-लातूर रस्ता हे सगळं हौशी लोक घरी बसून बनवतात, त्या फायलींना मॉड म्हणतात. आई म्हणाली, "मंग असं म्हण की, ह्यांनी घरातच डेपो टाकलता."

आणि खरंच, फोल्डरचं नाव 'डेपो'च निघालं. त्याच्या आत 'वर्कशॉप', वर्कशॉपच्या आत 'भंगार', आणि भंगारात परत एक 'डेपो'. काय हो हे? उभी हयात गाड्या शिस्तीत लावणारा माणूस, आणि फायलींची ही तऱ्हा? 'नवी बस', 'खरी नवी बस', 'हीच चालते'. त्यात 'हीच चालते' नावाच्या तीन, तिन्ही वेगळ्या. हॉर्नचं तेवढं नीट होतं. एक वरातीसाठी, एक घाटासाठी, एक फक्त म्हशींसाठी. तो म्हशींचा वाजवून बघितला आणि एकटीच हसत बसले.

एकही फाईल कधी पुसली नाहीत तुम्ही. "असू दे, स्पेअरला कामाला येईल." आई जुने डबे टाकू देत नाही म्हणून मात्र तिच्यावर ओरडायचात.

डोळ्यांच्या तपासणीत नापास झालात आणि हातातलं एसटीचं स्टिअरिंग गेलं, तेव्हा किती दिवस कुणाशी धड बोलला नव्हतात. मी हे गेमचं चाक आणून दिलं तर आधी त्याला हातसुद्धा लावला नाहीत. मग एकदा लातूरला माझ्याकडे फोन आला, "लोहा सोडलं बरं का. अहमदपुरात गर्दी असंल." मी घाबरलेच. मागून आई ओरडली, "गेमातलं बोलून राहिले गं ते." त्यानंतर तो आपला दोघांचा खेळच झाला. "चाकूर सोडलंय, चहा ठेव," तुम्ही म्हणायचात आणि मी "ठेवला" म्हणायचे. बहुतेक वेळा मी ऑफिसात असायचे. तुम्हाला ते माहीत होतं ना? असणारच.

शेवटचा फोनही तसाच. "डोळे लई दुखून राहिले. गाडी आज चाकूरलाच लावतो. उद्या येतो." मी म्हटलं, "या सावकाश." सकाळी आईचा फोन आला. तुम्ही झोपेतच गेला होतात.

म्हणजे ती बस तिथंच उभी होती. चाकूरच्या स्टँडवर, प्रवासी आत बसलेले, तोंड लातूरकडं. इतके महिने मी ती उघडून बघितली नाही. धीर झाला नाही. आधी सगळं लावून घेते, मग बघेन, असं मनाला सांगत राहिले.

ह्या कॉम्प्युटरला नेट लावायचं नाही, हे तुम्ही हजारदा बजावलं होतं. "अपडेट आलं की समद्या गाड्या ब्रेकडाऊन." मला ती तुमची थट्टा वाटायची. एक प्रत नेटवरही ठेवावी म्हणून मी मोबाईलचं नेट जोडलं. इकडे मी फायलींना नावं देत बसले आणि तिकडे गेम गुपचूप नवा झाला. मग मी तो उघडला. काही मॉड आता चालणार नाहीत, पुढे जायचं का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मला फक्त तुमची बस बघायची होती.

बस नव्हती. रस्ताही नव्हता. कुठल्याशा परदेशी गावातल्या गॅरेजात एक कोरी पांढरी बस उभी होती, आणि गेमनं तुमच्या बसच्या जागी तीच जतन करून टाकली.

शोधाशोध केल्यावर कळलं, गेमची जुनी आवृत्ती परत आणता येते. ती आणली. डेपोतल्या गाड्या पुन्हा सुरू झाल्या, गोदावरीचा पूल दिसला. गेली ती तुमची अर्धी राहिलेली फेरी; मॉडच्या प्रतीत ती नव्हतीच. एवढ्या फायली वाचवायला आले आणि जी कुणीच परत बनवून देऊ शकत नाही, नेमकी तीच घालवून बसले. आई म्हणते, "चित्रातली बस ती. काहून रडून राहिलीस?" काय सांगू तिला?

माझ्यावर तुम्ही कधी रागावला नाहीत. आता तरी रागवा. आणि तुम्हीही काय हो अण्णा, त्या फेरीची एक प्रत काढून ठेवता येत नव्हती? स्टेपनीशिवाय कधी गाडी बाहेर काढली नाहीत तुम्ही.

नेट काढून टाकलंय. ते पुन्हा लागणार नाही. मला चालवता येत नाही, काल एकदा दुभाजकावर चढवली आणि एकदा पुलावरून खाली घातली, पण शिकेन. लोहा, अहमदपूर करत एक बस चाकूरपर्यंत आणीन. स्टँडवर लातूरकडं तोंड करून लावीन, प्रवासी बसू देईन आणि तिथंच जतन करीन. पुढचा रस्ता मी चालवणार नाही, अण्णा. तो तुमचा आहे.

तुमची,
मंगल