निळ्या कुर्त्याचं माप

प्रिय नयना,

पत्र बघून हसशील. हसून घे. मेसेज केला की तुझ्याऐवजी तुझ्या टीममधली ती मुलगी तीन हृदयं आणि जोडलेले हात पाठवते. या आठवड्यात दोनदा पाठवले. म्हणून हे पाकीट तुझ्या वॉचमनकडे देतेय, तुझ्याच हातात द्यायचं असं बजावून.

इकडे सीवूड्सला सगळं तेच. जिन्याखालचं माझं दुकान तेच, मशीनही तेच. हल्ली लवकर बंद करते एवढंच. बायका आता ब्लाउजपीस घेऊन येत नाहीत, मोबाईल घेऊन येतात. त्यात तू असतेस. सुनयनाताईंसारखा व्यायामाचा सेट शिवून दे म्हणतात, तो अंगाला चिकटणारा पोपटी. अगं, ते ताणणारं कापड माझ्या मशीनवर टाके सोडतं, किती जणींना सांगू! सकाळी खाडीकडच्या ट्रॅकवर जावं तर सगळ्या पोपटी. गेल्या महिन्यात तू जांभळा घातलास, तर आता पोपटीवाल्या बिचाऱ्या ओशाळतात. चालायला येतात की हजेरी लावायला, देव जाणे.

तुझ्या ऑपरेशनला तीन वर्षं झाली. आरशावर चादर टाकून बसली होतीस. डावीकडे काही उरलंच नाही म्हणून अरविंदभावजींनाही खोलीत येऊ देत नव्हतीस. एका दुपारी मी टेप घेऊन आले, आतून कडी लावली आणि तुझं माप घेतलं. तू रडत होतीस, मी आकडे लिहीत होते. त्या व्रणावरून टेप कसा नेला, ते माझं मला ठाऊक. त्या मापावर तो निळा कुर्ता बेतला. सैलसर, डावीकडे आतून अस्तराची दुहेरी घडी, वर तिरक्या चुण्या आणि किल्लीपुरता खिसा. तो घालून तू ट्रॅकवर आलीस. पहिली फेरी माझा दंड धरून मारलीस. तिसऱ्या फेरीला हसलीस, तेव्हा तुझा पहिला व्हिडिओ मीच काढला, माझ्या त्या फुटक्या फोनवर.

मग काय, तो व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि सगळ्यांना तसाच कुर्ता हवा. आमच्या विंगमधल्या संध्याताई, जन्मात कधी चालायला न गेलेल्या, त्याही निघाल्या. टाइट्स घालायची लाज वाटणाऱ्या बायका त्या कुर्त्यात बिनधास्त चालायच्या. मला वाटलं, आपण दोघींनी काहीतरी चांगलं केलं. वेडीच मी! तुझ्याकडे कंपन्यांचे खोके यायला लागले आणि तुझ्या अंगावरचे रंग दर महिन्याला बदलायला लागले.

आणि मग ती रील. निळा कुर्ता हातात धरून तू म्हणालीस की झाकायचे दिवस संपले, आणि काळ्या पिशवीत टाकून दिलास. मीही लाल हृदय दाबलं, मैत्रीण ना तुझी. नंतर मशीनवर डोकं टेकून रडले. तुला धीर आला, तू उघड्या छातीनं जगायला लागलीस, याचा मला आनंदच आहे गं. पण ज्यांना अजून तेवढा धीर नाही, त्यांचं काय? संध्याताईंनी पुढच्याच आठवड्यात कुर्ता परत आणून दिला. ट्रॅकवर कुणीतरी त्यांना काळ्या पिशवीवरून टोमणा मारला होता. आता त्या बाल्कनीतच येरझाऱ्या घालतात. मला तुझा संताप आला होता, नयना. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू?

पण भांडायला नाही लिहिलं. माझा रिपोर्ट आला. डावीकडेच, तुझ्यासारखंच. येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. घरी सांगितलंय, पण घरच्यांना नुसतं सांगता येतं, दाखवता येत नाही. मला फार भीती वाटते. यातून मी पुन्हा ट्रॅकवर येईन असं काही वाटत नाही, तरी काल निळं कापड आणून ठेवलं. टाके सुकले की कापीन म्हणते. पण सगळ्या गावाची मापं घेणाऱ्या बाईला स्वतःचं माप घेता येत नाही गं. टेप धरायला हात उचलला की छाती वर सरकते, माप चुकतं. आणि ऑपरेशननंतर तर हातही उचलायचा नाही. दुसऱ्या कुणाला तिथे टेप लावू देणार नाही मी. टेप कसा फिरवायचा हे फक्त तुला माहीत आहे, तुझ्यावरून तो फिरलाय. तू येशील असं वाटत नाही. आलीस तर फोन खालीच ठेव, वर आल्यावर दाराला आतून कडी लाव आणि माझं माप घे.

तुझीच,
सुचित्रा