काकासाहेबांची पोझिशन

माघ शुद्ध ५, शनिवार, शके १८६२

सगळ्यांत आधी टपकली ती शेजारची सोनूबाई! पाहुणे माझ्या नातीला, सगुणाला, पाहायला येणार. तर ही त्यांच्याही आधी ओसरीवर. विरजण मागायला आले म्हणे. हातात वाटीसुद्धा न्हाई!

पाहुणे जालन्याचे. मुलाचे वडील काकासाहेब कचेरीत बडे कारकून. पोहे खाता खाता नऊ वेळा 'पोझिशन' म्हणाले. "आमची पोझिशन अशी, की लग्नाला बँडच लागतो." "आमच्या पोझिशनला जात्यावरची गाणी शोभत न्हाईत." आमचा लेक बद्रीनाथ नुसती मान हलवून राह्यला! नातीच्या हळदीला मी गाणार न्हाई, तर काय कोंबडा गाणार?

ते गेल्यावर सगुणाला विचारलं, काय गं हे? म्हणाली, "आजी, आपण आलो की लोकांनी उठून जागा द्यावी, ती पोझिशन." असं होय! मंग आमच्या म्हशीची लई मोठी. ती आली की अख्खी गल्ली उठते.

शुद्ध ६, रविवार

म्हशीला आज म्हणाले, "बाईसाहेब, जरा सरका." सोनूबाई हसून हसून भिंतीला टेकली.

कालचं एक लिहायचं राह्यलं. काकासाहेबांची आई, गोजरबाई, संगं आल्ती. चारचौघांत एक शब्द बोलली न्हाई. गोठा दाखवते म्हणून मागं नेलं न् मिश्रीची डबी पुढं केली. अशी बोट भरून घासली बाईनं! डोळ्यांत पाणी. "चार वर्सं झाली हो. घरात मिश्रीला बंदी. पाहुण्यांत तोंड उघडायचं न्हाई — माझं बोलणं गावंढळ म्हणे." नातू मात्र गुणाचा आहे, म्हणाली. "पण पोरीला सांगा, काय बोलायचं ते इथंच बोलून घे."

शुद्ध ७, सोमवार

बद्रीनाथला म्हणाले, जिथं सख्ख्या आईला बोलायची चोरी, तिथं पोरगी द्यायची? तर म्हणे, "आई, स्थळ मोठं आहे." सगुणा पेटल्या चुलीत उगाच फुंकणी घालत बसली. पोरगा आवडलाय तिला — मला काय दिसत न्हाई? शुक्रवारी ते सुपारी फोडायला येणार. काय करू?

शुद्ध ९, बुधवार

जालन्याच्या सर्व्हिस मोटारीतून कोण उतरावं? गोजरबाई! एकटी, काखेत बोचकं. "हळदीला मीबी गाणार. लेकानं सगळ्यांदेखत तसं कबूल केल्याबिगर इथून हलत न्हाई."

पाहुणे शुक्रवारी येतो म्हणून गेलेत. या म्हणावं! आता आधी आई मागावी लागंल, मंग पोरगी.