मथळ्याच्या ओळीबाबत अक्काला खुलासा

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांना मान्य असेल तेवढाच). तुझा खोकला आता कसा आहे? भावोजींची नवी कवळी तोंडात बसली, की अजून खिशातच फिरते? इकडे आम्ही दोघं ठीक. म्हणजे ही ठीक आहे, मी गोंधळलेला आहे, आणि त्याचंच हे पत्र.

तुझा फोन येऊन आज तेवीस दिवस झाले. वाचनालयातल्या पुस्तकांची यादी छापताना वरची मथळ्याची ओळ (पुस्तक, लेखक, कपाट) पहिल्याच पानावर येते आणि पुढची सव्वीस पानं बोडकी निघतात, ती ओळ प्रत्येक पानावर कशी आणायची, असं तू विचारलं होतंस. वीस तारखेला सभासदांची बैठक. मागच्या वर्षी तुमच्या चिटणीसबाईंनी अकरावं पान उंच धरून, ह्यातला लेखक कोणता आणि पुस्तक कोणतं ते कोणी सांगेल का, असं भर बैठकीत विचारलं. ते तुला किती लागलंय हे तू बोलली नाहीस तरी मला कळतं. तुझ्या मुलाला विचारावं, तर चिरंजीव येतात, खुर्चीवर बसतसुद्धा नाहीत, उभ्या उभ्या दहा बोटं नाचवतात, "झालं बघ" म्हणतात आणि जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून तू म्हणालीस, तूच मला सावकाश दाखव, स्क्रीनवर करताना रेकॉर्ड करून पाठव, मी दहा वेळा बघेन. मी लगेच म्हणालो, सोपं आहे, पाठवतो.

अक्का, डावी चप्पल कुठली, घड्याळ कसं बघायचं, भागाकार, सायकल, सगळं मला तू शिकवलंस (पोहणंही, पाण्यात ढकलून देण्याला शिकवणं म्हणायचं असेल तर). अडुसष्ट वर्षांत तू मला काही विचारलंस ते हे पहिल्यांदा. मला फार बरं वाटलं. तेव्हाच ठरवलं, करायचं तर चोख करायचं.

आता चोख म्हणजे काय ते तुला सांगायला नको. चौतीस वर्षं मी वजनमापं तपासली. आधी तराजू तपासायचा, मग त्यावर साखर मोजायची, हा आमचा धर्म. म्हणून आधी रेकॉर्डर. मला वाटलं होतं, रेकॉर्डर एक असेल. पण चिरंजीवांनी आपल्या दोघांच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी ही जी लिनक्स नावाची व्यवस्था बसवून दिली आहे (मोफत आहे, व्हायरस येत नाही म्हणतात, आमच्याकडे हल्ली पाहुणेही येत नाहीत, पण ते वेगळं), तिच्यात एकाच कामाला आठ सॉफ्टवेअरं असतात आणि एकेकाचे भक्त उरलेल्या सातांना नावं ठेवतात. मी इंटरनेटवर भोळेपणाने विचारलं, चांगलं कोणतं? उत्तरादाखल मलाच अकरा प्रश्न आले. एका भल्या गृहस्थाने सांगितलं की कॉम्प्युटर स्क्रीनवर चित्र काढतो त्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी, आणि तुमच्याकडे कोणती आहे हे कळल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. मी लिहिलं, मला सगळं व्यवस्थित दिसतंय, एवढं पुरत नाही का? पुरत नाही म्हणे.

त्याचं खरं निघालं. पहिलं सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीचं होतं आणि माझा कॉम्प्युटर नव्या. चाचणी म्हणून वीस मिनिटं मी जीव तोडून बोललो आणि रेकॉर्डिंग पाहिलं तर मिट्ट काळोख. त्यात माऊसचा बाण तेवढा भटकतोय आणि मी मागून सांगतोय, आता इथे नीट बघ. दुसऱ्यात चित्र आरशासारखं लख्ख, पण मी मुका. तिसऱ्यात आवाज आला, फक्त माझा नव्हे. ही शेजारच्या खोलीत फोनवर आपल्या बहिणीला सांगत होती की ह्यांचं काही खरं नाही आता (तो आवाज त्याने कुठून उचलला हे मला अजून कळलेलं नाही). चौथं उघडल्यावर इतक्या खिडक्या, पट्ट्या आणि वरखाली नाचणारे हिरवे दिवे दिसले की मी हळूच बंद केलं. पाचव्याने सगळं छान टिपलं, पण फाईल कुठे ठेवली ते मला सांगितलं नाही.

सहाव्याची मात्र मी रीतसर तपासणी केली. स्क्रीनभर सेकंदकाट्याचं घड्याळ लावलं, दहा ते अकरा रेकॉर्ड केलं, चहा घेतला, आणि पावणेबाराला तेच रेकॉर्डिंग स्क्रीनभर लावून स्टॉपवॉच घेऊन बसलो. तासाला दोन सेकंद मागे. (आमच्या खात्यात हे शेरा मारून सोडलं असतं.) त्या दिवशी साडेबाराला हिची दाढ काढायची होती आणि मी हिला दंतवैद्याकडे नेणार होतो. बारा वाजता ही पर्स घेऊन दारात उभी. मी समोर पाहिलं आणि म्हणालो, सव्वादहा होतायत, एवढी घाई कसली? हिनेही स्क्रीनवर पाहिलं आणि बिचारी जाऊन बसली. (भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. त्याचा सेल मी माऊसला घातला होता.) आम्ही पोहोचलो तेव्हा दंतवैद्य जेवायला गेले होते. ज्या माणसाने जन्मभर लोकांची खोटी मापं पकडली, त्याने स्वतःच्या बायकोला खोटी वेळ दाखवली. दाढ अजून आहे तिथेच आहे आणि ही माझ्याशी बोलते ती एकाच गालाने.

तरी शेवटी तेच सहावं नक्की केलं. सातवं आणि आठवं पाहण्याची हिंमत नव्हती. काल मी त्यात रेकॉर्डिंगही केलं, अक्का, आणि सांगतो, दृष्ट लागण्यासारखं झालंय. बाणाभोवती पिवळं कडं येतं, माझा आवाज स्वच्छ आहे, मध्ये खोकला नाही. मी म्हणतो, नमस्कार अक्का, आता आपण यादी उघडू. यादी उघडते. भावोजींना माझा नमस्कार सांग.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. रेकॉर्डिंग तिथेच संपतं. कारण यादी उघडल्यावर पुढे काय करायचं ते मला माहीत नाही. मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर कशी आणतात हे मला येत नाही, आणि सोपं आहे म्हणालो तेव्हाही येत नव्हतं. रागावू नकोस. रेकॉर्डर शोधता शोधता ते आपोआप समजेल असं कुठेतरी वाटत होतं. तर आता एक काम कर. सोबतच्या कागदावर लिहिलंय तसं हे सॉफ्टवेअर तुझ्या कॉम्प्युटरवर घाल, चालू कर, मग चिरंजीवांना बोलाव, खुर्चीवर बसव आणि ते काम सावकाश करायला लाव. त्याचं रेकॉर्डिंग मला पाठव. मी ते शिकेन आणि माझ्या आवाजात रेकॉर्ड करून अठरा तारखेच्या आत तुला पाठवीन.

दुसरा ता. क. हिने पत्र वाचलं. म्हणते, मग वन्संकडे रेकॉर्डिंग आधीच आलेलं असेल, तुमचं हवंय कशाला? तरी अक्का, चिरंजीवांचं रेकॉर्डिंग न बघता पाठव. माझं येईपर्यंत थांब. आणि बैठकीत कोणी विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं, तर माझं नाव घे.